म्युलर, मनसुखानी, म्हात्रे... व्हाया बदलापूर लोकल

हल्ली ज्याला बघावं तो जर्मन शिकतोय. कुणाला श्टुटगार्टला एमएस करायचंय, कुणाची कंपनीच जर्मन आहे, कुणी तिकडच्या नर्सिंगच्या नोकरीसाठी बी-टू लेव्हलच्या मागे लागलंय. या सगळ्या मंडळींना क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारला जातो. 'वी हाइसन झी?' म्हणजे, आपलं नाव काय? उत्तर द्यायला किती सोपं! पण पुढच्या पाच मिनिटांत जोशीचा 'योशी' होतो, सावंतचा 'झावांट' आणि जाधवचा 'याधाफ'. कारण सिंपल आहे. जर्मनमध्ये जे हे अक्षर 'य' म्हणून वाचतात, सुरुवातीच्या एसपुढे स्वर आला की त्याचा 'झ' होतो आणि शेवटी आलेला व्ही 'फ'च्या घरात जातो. जन्मापासून वापरलेलं आडनाव एकदम दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागतं.

अर्थात आपणही त्यांना सोडलेलं नाहीये. काळा घोड्याच्या किंवा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जाणाऱ्यांपैकी कितीजण ते 'म्युलर' जर्मनांसारखं म्हणतात? खरा उच्चार करायचा तर तोंडात 'इ' म्हणायचा आणि ओठ मात्र 'उ'सारखे गोल ठेवायचे. करून बघा, ऑफिसमध्ये नको. यूच्या डोक्यावरचे दोन ठिपके टाइप करता येत नसतील तर तिथे एक जास्तीचा ई घालतात आणि आपल्याकडे त्याचं मुल्लर, म्युलर, म्युएलर असं काय काय झालं. खुद्द मॅक्स म्युलरने मात्र यावर सॉलिड तोडगा काढला होता. 1823 मध्ये देसाउला जन्मलेला हा पंडित आयुष्यात कधी भारतात आला नाही. पण ऋग्वेद छापताना त्याने स्वतःचं नाव संस्कृतात 'मोक्षमूलर' करून टाकलं आणि राहतं गाव ऑक्सफर्ड म्हणजे 'गोतीर्थ'! नाव आणि गाव दोन्हींचं भाषांतर. याला म्हणतात कॉन्फिडन्स.

आणि म्युलरचा अर्थ? गिरणीवाला. नदीकाठच्या पाणचक्कीवर गावाचं धान्य दळून देणारा. जर्मनीतलं हे सगळ्यात कॉमन आडनाव.

चार खणांचा डबा

जर्मन आडनावांचे ढोबळमानाने चार खण पडतात. पहिला कामाचा. म्युलर गिरणीवाला, श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, फिशर मासेमार. टेनिसवाला बोरिस बेकर आडनावाने पाव भाजणारा आणि फॉर्म्युला वनचा शूमाखर जोडे शिवणारा. दुसरा खण गावाचा. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर म्हणजे आडेनाउ गावचे, थोडक्यात 'आडेनाउकर'. तिसरा बापाचा. संगीतकार मेंडल्सझोन म्हणजे मेंडलचा मुलगा. त्याच्या आजोबांच्या वडिलांचं नाव खरोखरच मेंडल होतं. चौथा खण दिसण्याचा. श्वार्ट्स म्हणजे आपले काळे!

हे वाचताना मला राहून राहून वाटत होतं की हा डबा आपण कुठेतरी पाहिलाय. मग ट्यूब पेटली. कल्याणच्या पुढे, कर्जतच्या दिशेने. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कल्याणहून वीसेक मिनिटांचा प्रवास. वीकेण्डला इकडे कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. जीन्स घ्यायला किंवा पावसाळ्यात कोंडेश्वरला जाणारे सोडले तर कुणी नाही. पण मी यंदा एका रविवारी फक्त आडनावं बघायला गेले. पाट्या, बेल, दुकानांचे बोर्ड, सोसायट्यांच्या लॉबी. खर्च शून्य, टाइमपास भरपूर. आणि टाइमपासपेक्षा बरंच काही.

नंबरांच्या गावात आजोबा

उल्हासनगरला उतरलात की एक गोष्ट लगेच जाणवते. इथला पत्ता नंबरांत असतो. कॅम्प 1 ते 5, त्यात सेक्शन, त्यात बॅरॅक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या या छावण्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बॅरॅक्स राहायला मिळाल्या. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. गावाला नाव मिळायला 1949 साल उजाडलं. माणसं मात्र आपापली नावं सोबत घेऊनच आली होती.

ही नावं वाचायची तर स्टेशनसमोरूनच सुरुवात करा. सीएचएम कॉलेज. सगळे सीएचएमच म्हणतात, पण पूर्ण नाव चांदीबाई हिमथमल मनसुखानी महाविद्यालय. यातलं मनसुखानी म्हणजे मनसुखच्या घराण्यातले. रामचंदचे ते रामचंदानी, मीरचंदचे मीरचंदानी, जेठमलचे जेठमलानी. सिंधच्या दरबारात अठराव्या शतकात दिवाण गिडूमल होते, त्यांचे वंशज गिडवाणी. कुणीतरी एक पूर्वज घ्यायचा, त्याच्या नावाला 'आणी' जोडायचं, झालं आडनाव. दुसरा प्रत्यय 'जा'. शहरातलंच दुसरं मोठं कॉलेज आर. के. तलरेजा यांच्या नावाचं. तलरेजा, मखिजा, रहेजा. यातल्या 'जा'चा अर्थ '-च्या कुळात जन्मलेला' असा लावतात. म्हणजे मेंडल्सझोनचाच खण. अख्ख्या बाजारात फिरा, पाटीपाटीवर कुणाचे तरी पणजोबा, खापरपणजोबा लटकलेले दिसतील.

आता यातली गंमत बघा. आपल्याकडे निम्म्या आडनावांत गाव असतं. सिंधी आडनावांत बहुतेक वेळा गाव नसतंच, माणूस असतो. शिकारपूर सुटलं, लारकाना सुटलं, हैदराबाद सुटलं. पण आडनावातला आजोबा कुठल्याही सरहद्दीवर उतरवून घेता येत नाही. तो आगबोटीत बसून आला, बॅरॅकमध्ये राहिला आणि नंतर दुकानाच्या बोर्डावर चढला.

जीन्सच्या एका होलसेल दुकानात दुपारी गर्दी कमी होती. गल्ल्यावर सत्तरीचे अंकल. मी आडनावांवर लिहितेय म्हटल्यावर त्यांनी आधी चहा मागवला. त्यांचं आडनाव '-वाणी'ने संपतं, एवढंच सांगते.

"बोलून दाखव," ते म्हणाले.

मी बोलले.

"शाबास! तुम्ही मराठी लोक 'ण' बोलता. बाकी सगळे 'नी' करून टाकतात. बँकवाला 'नी', एअरपोर्टवाला 'नी', माझा नातूसुद्धा 'नी'."

खरंच की. सिंधीत 'ण' अगदी ठसठशीत आहे आणि मराठीतही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याला वेगळं अक्षर नाही, तिथे तो हरवतो. मग अंकलनी मला पुढचा धडा दिला. सिंधीत चार आवाज असे आहेत, जे बोलताना हवा बाहेर सोडायच्या ऐवजी किंचित आत घ्यायची. देवनागरीत ते अक्षराखाली रेघ देऊन लिहितात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. अडवाणीतला 'ड' हा त्यातलाच एक. गावाला सिंधीत 'ॻोठु' म्हणतात, त्यातला 'ग' तसाच. आणि हा 'ॻोठु' आपल्या 'गोठा' शब्दाचा सख्खा भाऊ, दोघांचा बाप संस्कृतातला 'गोष्ठ'. मी चार वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी अंकल म्हणाले, "पास. थर्ड क्लास."

मग विषय नातवावर आला. पोरगा इंजिनीअर, श्टुटगार्टला जॉब लागलाय. ईमेल आयडीमध्ये त्याने आडनावाची शेपटी कापून टाकली. तिकडच्या लोकांना लांबलचक नाव झेपत नाही म्हणे. मला वाटलं आता अंकल चिडणार. पण ते हसत म्हणाले, "त्याला माहीतच नाही त्याने काय कापलं. पुढचा हिस्सा आमच्या मोठ्या बुजुर्गांचा, तो ठेवला. मागचा हिस्सा म्हणजे आम्ही, त्यांची पोरं. स्वतःलाच कापून बसला."

अजून एक भानगड आहे. अंकलच्या भावाच्या पासपोर्टवर आडनावात डब्ल्यू आहे, यांच्या घरात व्ही. पन्नास वर्षांपूर्वी कुठल्यातरी फॉर्मवर कुणीतरी जे लिहिलं, ते चिकटलं. जर्मन माणूस डब्ल्यूला बरोब्बर 'व' म्हणतो आणि व्ही दिसला की त्याची जीभ आधी 'फ'कडे वळते. म्हणजे चुलतभाऊ जर्मनीत 'वाणी' राहील आणि हा 'फानी' होईल. एकाच बॅरॅकमधून निघालेली दोन नावं!

नातवाला सिंधी समजतं, बोलायला लाज वाटते. अंकल अरबी वळणाच्या लिपीत वाचतात, त्यांचा मुलगा देवनागरीत, नातू दोन्हीत नाही. 1967 मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण तिला स्वतःचं राज्य नाही, पाट्यांची सक्ती करणारं कुणी नाही. अशा भाषेचं घरात शेवटी काय उरतं? दाल पकवान, एखादी शिवी आणि आडनाव. त्या आडनावातला 'ण' गेला तर अंकलना का लागतं, ते मला चहा संपेपर्यंत नीट कळलं होतं.

राजाचं आडनाव

एक स्टेशन पुढे अंबरनाथ. पूर्वेला उतरून रिक्षा करा, वालधुनीच्या काठी शिवमंदिर. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं, वर आकाश उघडं. नक्षी बघायची तर तासभर हाताशी ठेवा. पण आपण आलोय नावासाठी. इथल्या शिलालेखात शके 982 हे साल आहे, म्हणजे इसवी सन 1060. आणि राजाचं नाव? माम्वाणि!

उल्हासनगरहून नुकतंच आल्यावर हे वाचलं की हसू येतंच. नातं अर्थातच काही नाही. हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा. पण याच राजाचं नाव दुसरीकडे 'मुम्मुणि' असंही येतं. म्हणजे व्ही की डब्ल्यू हा घोळ हजार वर्षं जुना आहे तर. राजालाही स्पेलिंगचा त्रास होता, मग आपलं काय!

शिलाहार हे नाव आणखी इंटरेस्टिंग. शिला अधिक आहार. जुन्या कथेतल्या जीमूतवाहनाने एका नागाचा जीव वाचवायला स्वतःला गरुडाचा घास म्हणून शिळेवर झोकून दिलं, त्याचे आम्ही वंशज, असं हे घराणं सांगायचं. म्हणजे पुन्हा पूर्वजाचा खण. शिवाय हे राजे स्वतःला 'तगर नगरीचे स्वामी' म्हणवून घ्यायचे. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राज्य करायचे ठाण्याच्या परिसरात, बिरुदात मात्र दूरचं जुनं गाव. सोप्या मराठीत सांगायचं तर हे राजे 'तेरकर' होते. आजचं शेलार हे आडनाव शिलाहारांवरून आलं असं मानलं जातं, म्हणजे तुमच्या टीममध्ये एखादा शेलार असेल तर उद्यापासून जरा अदबीने बोला.

मंदिराच्या आजूबाजूच्या जुन्या गावठाणांत पाट्या बदलतात. म्हात्रे, पाटील, भोईर. हा कामाचा आणि मानाचा खण. जुन्या ताम्रपटांत गावच्या वडीलधाऱ्या मानकऱ्याला 'महत्तर' म्हणत, त्याचा घासून घासून म्हात्रे झाला. 'पट्टकिल'चा पाटील झाला. बाहेरचा माणूस 'महात्रे' म्हणतो, पण आपला 'म्ह' एकाच श्वासात येतो, तो तोडायचा नाही.

आणि उच्चाराचंच म्हणाल तर इथे एक मजेशीर पेच आहे. अंकलना ज्या 'ण'चं एवढं कौतुक, तो इथल्या आगरी बोलीत पाण्यातूनच गायब होतो. पाणी नव्हे, पानी. घोडा नव्हे, घोरा. शाळेत या मुलांना त्यावरून हसतात. पण ही मंडळी सिंधी यायच्या, बॅरॅका बांधल्या जायच्या, आगगाडी यायच्याही आधीपासून इथली. मग शुद्ध उच्चार कुणाचा? मला वाटतं, ज्याचं नाव त्याचा. एवढा साधा नियम पुरेसा आहे.

लॉबीतली पाटी

बदलापूर नावाचीही एक गोष्ट सांगतात. जुन्या वाटेवर इथे घोडे बदलले जायचे म्हणून बदलापूर. आज इथे लोकलचं अख्खं आयुष्य बदललं जातं. कात्रप, बेलवली, मांजर्ली इथल्या नव्या टॉवरांच्या लॉबीत शिरा आणि लिफ्टशेजारची नावांची पाटी वाचा. मुंबईतल्या चाळीतून, दादर-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून निघालेली माणसं इथे वन बीएचकेत आलीत. पाटीवर ओळीने 'कर'. चिपळूणकर, राजापूरकर, वेंगुर्लेकर. मधे कुठेतरी एखादा '-आणी', एखादा यादव, एखादा शेख. पाटी म्हणजे रेल्वेचं टाइमटेबलच वाटतं, कोण कुठून सुटलं ते सांगणारं.

माझ्या आडनावातही सिंधुदुर्गातलं एक गाव आहे. ते मी आयुष्यात दोनदा पाहिलंय. तिथे आमचं घर नाही, सातबाऱ्यावर कुणाचं नाव नाही. तरी रोज सही करताना मी त्या गावचीच असते. अंकलच्या आडनावात माणूस आहे आणि गाव गेलंय. माझ्या आडनावात गाव आहे आणि माणसं गेलीत.

आडनाव ही नुसती गंमत नाही, हे मात्र बदलापुरात पक्कं कळतं. दोन वर्षांपूर्वी मी इथे भाड्याने घर शोधत होते. फोनवर पहिला प्रश्न बजेटचा नसायचा. "मॅडम, पूर्ण नाव?" पहिलं नाव सांगितलं की, "नाही, पूर्ण." आडनाव सांगितलं की समोरून हिशोब झाल्याचा एक 'हां' यायचा. जात, मासे, देव, सगळं त्या एका 'हां'मध्ये. माझ्यासोबत रूम शेअर करणार होती त्या मैत्रिणीचं आडनाव एजंटला नीट ओळखू आलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्लॅट 'गेला' होता.

गावाचं आडनाव का घेतलं जातं याचं एक उत्तर इथेही आहे. 'कर' लावला की गाव कळतं, जात लगेच कळत नाही. डॉ. बाबासाहेबांचं घराणं मूळ सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. त्यावरून शाळेत आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. एका छोट्या गावाचं नाव आज जगभरच्या विद्यापीठांत उच्चारलं जातं. त्या 'कर'मध्ये किती काय मावलंय बघा.

तर सांगायचं इतकंच, की 'आडनाव काय?' हा प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो. एक एजंटसारखा, उत्तर ऐकून दार लावायला. दुसरा, 'ते नेमकं कसं म्हणायचं हो?' असा. दुसऱ्या प्रकाराने विचारलंत तर समोरचा माणूस बहुतेक वेळा चहा मागवतो, हा माझा त्या रविवारचा अनुभव. ऑफिसमध्ये शेजारच्या क्युबिकलपासून सुरुवात करा. वर्षभर ज्याला हाक मारताय, त्याचं आडनाव तुम्ही त्याच्या आईसारखं म्हणता का?

आणि हो, श्टुटगार्टला निघालेल्या नातवासाठी एक टीप. जर्मनीत बिल्डिंगमधल्या फ्लॅट्सना सहसा नंबरच नसतात. ना कॅम्प, ना सेक्शन, ना बॅरॅक. खाली बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लिहिलेलं असतं, पोस्टमन तेच वाचून पत्र टाकतो. नाव जुळलं नाही तर पार्सल परत. म्हणजे ईमेलमध्ये कापलेली शेपटी त्याला तिथे पुन्हा जोडावी लागणार. 'ण'साठी त्या पाटीवर अक्षर नसेल, पण पोस्टमन रोजच येतो. हळूहळू शिकेल.